बंदिश कुणाची?

पंचवटीत माझा गाण्याचा क्लास आहे. १३ जानेवारी २०२४, शनिवार. सकाळची बॅच जमत होती, तोच फोनवर बातमी आली: शास्त्रीय गायिका प्रभाताई अत्रे गेल्या. पुण्यात, वयाच्या ९१ व्या वर्षी. सुट्टी द्यावी असं आधी वाटलं. मग म्हटलं, सुट्टी कसली, गाऊया. भूप राग बाजूला ठेवला आणि कलावती घेतला. सकाळी कलावती म्हणजे समयाचा नियम धाब्यावर, पण रात्री ही मुलं मला कुठून मिळणार!

सा ग प ध आणि कोमल नी. रे-म नाहीतच. ऐकायला सोपं, पण भूपात रे असतो, त्याची सवय लागलेला गळा गंधारावरून सा वर येताना हळूच रे ला शिवतो. नववीतली एक मुलगी सारखी तिथंच घसरत होती. तिच्याकडून ग-सा, ग-सा एवढंच घोटून घेतलं आणि मग 'तन मन धन' या बंदिशीची अस्थाई, म्हणजे पहिला भाग, सांगितली.

"ताई, ही कुणाची?"

"प्रभाताईंची."

"म्हणजे त्यांनी गायलेली?"

"नाही गं, बांधलेली!"

तिला पटेना. सदारंग, प्रेमपिया, सबरंग अशी बंदिशकारांची टोपणनावं, ऐकलेली सगळी पुरुषांची. गंमत बघा, सासू-नणंदेच्या धाकानं पैंजण दाबून चालणाऱ्या नायिका बंदिशींत पावलोपावली, आणि त्या रचणारे बहुतेक बुवा नि उस्ताद. बायकांनी मैफली जिंकल्या, पण वाग्गेयकार, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही रचणारी, म्हणून नाव क्वचितच कुणाचं लागलं. प्रभाताईंनी आपल्या शेकडो बंदिशी स्वरलिपीसकट पुस्तकांत छापल्या. अपूर्वकल्याण, मधुरकौंससारखे राग बांधले. सरगमला, म्हणजे स्वरांची नावं घेत गाण्याला, नाकं मुरडणारे होतेच; यांनी त्याच विषयात डॉक्टरेट केली.

डॉक्टरांनी 'मन रमवा' सांगितलं म्हणून येणाऱ्या एक आजी आमच्यात आहेत. त्यांना सांगितलं, प्रभाताईंच्या आईही तब्येतीसाठीच गाणं शिकायला लागल्या होत्या. लहानग्या प्रभानं ते शेजारी बसून उचललं. पुढं सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडची तालीम. आजी लगेच म्हणाल्या, "मग उद्यापासून नातीला घेऊन येते. फी अर्धी ना?"

वहीत राग, ताल लिहितो तसा 'रचना' हा तिसरा रकाना करायला लावला. नववीतलीनं मागची पानं उलटली आणि यमनपासून एकेका बंदिशीचं नाव विचारू लागली. दोन-तीन सांगता आली. बाकीची शोधून सोमवारी सांगते म्हटलं.