रूट ६६ वरचं मोडकं मोटेल: आधी खोली बघा, मग कार्ड द्या

टेक्सासमधल्या अमॅरिलोहून निघायलाच चार वाजले. अल्बुकर्कीला मुक्काम ठरला होता. न्यू मेक्सिकोची हद्द लागली तसं घड्याळ एक तास मागे गेलं आणि आयता तास मिळाला म्हणून आम्ही खूश! पण सूर्याला कुठलं आलंय घड्याळ? नोव्हेंबरात तिकडे पाचलाच अंधारून येतं. ट्रकांच्या गर्दीत आणखी तीन तास काढण्यापेक्षा नवरा म्हणाला, "पुढच्या गावात थांबू." आय-४० हा मोठा हायवे सोडून आत वळलो.

हा जुना रूट ६६ महामार्ग. १९२६ मध्ये सुरू झालेला, १९८५ मध्ये सरकारी यादीतून काढलेला. नवा हायवे गावाबाहेरून गेला आणि मोटेलं जिथल्या तिथे राहिली. आमच्या मोटेलच्या पाटीतली निम्मी अक्षरं विझलेली, 'व्हेकन्सी' (खोली रिकामी आहे) मात्र झगझगीत. काउंटरवरच्या काकांनी हिंदीतच विचारलं, "कहाँ से?" अमेरिकेतली कितीतरी मोटेलं गुजराती कुटुंबं चालवतात, त्यामुळे नवल वाटलं नाही.

ओळख निघाली म्हणून लगेच कार्ड पुढे करू नका. मी आधी खोली मागितली, आणि बरं झालं. पहिल्या खोलीत रूम फ्रेशनरखाली सिगारेटचा कुबट वास दबलेला. उशाकडची चादर उचलून गादीची शिवण बघितली, तर शाईचे बारीक ठिपके पडावेत तसे काळे डाग. ढेकूण! चावी परत दिली. काका जरा खट्टू झाले, पण दुसरी खोली दिली, तीही लांबच्या टोकाची. तेच हवं होतं. शेजारची मागू नका, ढेकणांना भिंत आड येत नाही.

ही खोलीही जुनाटच. टब पिवळा पडलेला, दाराच्या साखळीचा एक स्क्रू गायब. पण आतली कडी घट्ट लागत होती, चादरी धुतलेल्या होत्या आणि शिवणी स्वच्छ. जुनं चालतं, घाण चालत नाही, एवढाच माझा निकष. तरी बॅगा रात्रभर कोरड्या टबात ठेवल्या आणि पुढच्या मुक्कामी कपडे अर्धा तास कडक ड्रायरमध्ये फिरवले. खिडकीखालचा हीटर लावल्यावर जळक्या धुळीचा वास आला. खिडकी उघडल्यावर दहा मिनिटांत गेला. तुमच्याकडे जात नसेल, तर हीटर बंद करून सरळ काउंटर गाठा.

पैशांचं एक. पाटीवरच्या भाड्यात टॅक्स धरलेला नसतो. शिवाय अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात, म्हणून डेबिट नको, क्रेडिट कार्ड द्या. गाडी अगदी दारासमोर लागते हे सुख, तरी सीटवर काही ठेवू नका.

झोपेचं काय विचारता! रूळ जवळच होते. अमेरिकेत फाटकापाशी मालगाडी दोन लांब, एक आखूड, एक लांब असा भोंगा देते. पहाटेपर्यंत मला तो तोंडपाठ झाला. कानात घालायचे बोळे बॅगेत तळाशी नाही, हाताशी ठेवा.

सकाळी चावी द्यायला गेलो, तर मागच्या खोलीतून मोहरीची फोडणी तडतडत होती. काकूंनी चहाशिवाय सोडलंच नाही. हद्दीवर मिळालेला तास तिथे खर्ची पडला.