देवाची पालखी फोडणारी गावं

जपानमधल्या हिमेजीच्या किल्ल्याचे फोटो सगळ्यांनीच टाकलेत, मी टाकत नाही. किल्ला झाला, आल्याच्या सोया सॉसमधलं ओदेन, म्हणजे रश्शात उकळलेले मुळा-अंड्यांसारखे तुकडे, खाऊन झालं, आणि मग आम्ही सान्यो इलेक्ट्रिक रेल्वेच्या गाडीने शिराहामानोमिया स्टेशनवर उतरलो. उतरलो कसले, गर्दीनेच आम्हाला उतरवलं.

मात्सुबारा हाचिमान देवळाचा नादा केंका मात्सुरी, म्हणजे भांडणाची जत्रा, दरवर्षी १४ आणि १५ ऑक्टोबरलाच. वार कुठलाही येवो, तारीख हलत नाही. कोबेला राहणाऱ्या माझ्या भावाने त्यासाठी रजा टाकली होती. इथल्या लोकांना तर रजा मागावीच लागत नसेल, अख्खी पंचक्रोशी रस्त्यावर! खाली लंगोट, डोक्याला पट्टी. सात गावं, आणि प्रत्येक गावाचा वेगळा रंग. बांबूच्या टोकाला त्याच रंगाचे कागदी झुबके.

दरवर्षी एका गावाकडे तीन मिकोशींचा, म्हणजे देवाच्या पालख्यांचा मान असतो. बाकीची सहा गावं आपापला यताई आणतात. दोनेक टनांचा नक्षीदार डोलारा, आत ढोल आणि ढोल बडवणारे चौघे. खरी चुरस इथे. यताई एकमेकांना भिडवतात, आणि ज्या गावाचा कलला ते हिणवलं जातं.

दुसऱ्या दिवशी ओताबियामा टेकडीच्या पायथ्याशी उतारावर बसायला जागा मिळेना. मिळाली असती तर पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. बहुतेक जागा घराण्यांच्या, वर्षानुवर्षांच्या. शेवटी एका ओजीसाननी, म्हणजे आजोबांनी, हाताने खूण करून आम्हाला आपल्या गोतावळ्यात सरकवून घेतलं, आणि डबा पुढे केला.

मग पालख्या आल्या. सम्राट ओजिन, म्हणजेच हाचिमान, त्याची आई राणी जिंगू आणि देवी हिमेगामी. मुलगा, आई, देवी एकमेकांवर आदळू लागले. राणीची जहाजं इथे वाऱ्याची वाट बघत असताना लाटांनी एकमेकांवर आपटत होती, त्याची ही नक्कल, असं एक कथा सांगते. धाडकन आवाज, लाकडाचा तुकडा उडाला, आणि उतार ओरडला. आनंदाने.

मी कोकणातली. आमच्याकडे शिमग्यात पालखी नाचते, उड्या मारते, पण तिला ओरखडा जरी आला तरी गावाची झोप उडेल. इथे जितकी मोडतोड जास्त, तितका देव खूश. पहिल्या धडकेला माझ्या तोंडून ‘अरे, जपून!’ निघालंच, आणि भाऊ हसून हसून बेजार. पण पंधरा मिनिटांनी मीही ओरडत होते, आणखी एक, आणखी एक! खाली थकलेली पोरं पालखीखाली वाकून पुन्हा उठत होती. त्याच खांद्यांवर राग, लाज, भक्ती सगळं एकदम. मला भरून आलं, ते का, हे मला नीट सांगता येत नाही. कुणी चिरडलं तर, हाही विचार मनातून जात नव्हता.

ओजीसान मात्र नाराज. यंदाचं गाव मऊ आहे, भाऊ भाषांतर करत म्हणाला, ‘त्यांच्या गावाचा मान होता तेव्हा छप्परच उडालं होतं म्हणे.’ पुन्हा पाळी कधी, विचारलं. त्यांनी बोटांवर वर्षं मोजली, मग स्वतःचं वय मोजलं, आणि आम्हाला बिअर देत म्हणाले, तोवर टिकायचं आहे.

परतीच्या गाडीत घुसायला आम्हाला तासभर लागला. तिथेही भांडणच होतं, फक्त ढोल नव्हते.