क्युपोला विझवला तेव्हा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आबांनी फौंड्री टाकली ती ऑइल इंजिनांच्या भरवशावर. उसाला पाणी पाजायला तेव्हा पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन लागायचं. त्याची फ्लायव्हीलं आणि सिलिंडर हेड आम्ही ओतायचो. ऑफिसच्या भिंतीवर ‘उत्कृष्ट पुरवठादार’च्या सात पितळी ढाली होत्या. आल्यागेल्याला चहाच्या आधी त्या दाखवायची पद्धतच होती.

मग शेतात विजेचे पंप आले आणि इंजिनाचं काम आटत गेलं. ‘मंदी आहे, सरेल’ म्हणत आम्ही चार वर्षं काढली. खरं सांगायचं तर त्या ढालींनीच आम्हाला बसवून ठेवलं. गाड्यांच्या पार्टची चौकशी आली की आम्ही आमच्या बिडाचं कौतुक सांगत बसायचो. समोरच्याला हवं असायचं एस. जी. आयर्न, म्हणजे चिवट बीड.

साध्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं असतं, म्हणून ते ठिसूळ. वितळलेल्या रसात मॅग्नेशियम मिसळलं की त्याच ग्रॅफाइटच्या गोळ्या होतात आणि मालाला चिवटपणा येतो. शेवटी मालात मॅग्नेशियम उरायला हवं जेमतेम ०.०४ टक्के. पण क्युपोला, म्हणजे बीड वितळवायची आमची जुनी उभी भट्टी, चालतो दगडी कोळशाच्या कोकवर, आणि कोकमधला गंधक हे मॅग्नेशियम खाऊन टाकतो. म्हणजे ज्या भट्टीच्या जिवावर मिरवलो, तीच आडवी येत होती.

क्युपोला विझवला, विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली. कर्ज आणि वीजजोडणीचा पाढा इथं वाचत नाही.

पहिला लॉट सगळाच्या सगळा परत आला. चूक सापडली ती आमच्या सगळ्यात चांगल्या सवयीत. मिस्त्रीमामांची तीस वर्षांची शिकवण एकच : लेडल, म्हणजे रस ओतायची बादली, भरली की वरची मळी नीट काढा, रस निवांत ओता. एस. जी.ला तेच भोवतं. मॅग्नेशियमचा असर दहाएक मिनिटांत उतरायला लागतो. मामा सावकाश, सुबक ओतत होते आणि शेवटच्या साच्यांत पुन्हा साधंच बीड पडत होतं.

डिप्लोमा करून नुकत्याच आलेल्या मुलीनं लेडलजवळ स्टॉपवॉच टांगलं. मामा पाच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. सहाव्या दिवशी, मॅग्नेशियमचा पांढरा लखलखाट विझतोय तोवर, त्यांचाच आवाज आला, “पोरी, किती मिंटं म्हनलीस?”

त्यानंतरही तीन महिने माल परत येत होता, पण कमी कमी.

पुढं धातूत काय किती आहे ते सांगणारा स्पेक्ट्रोमीटर घेतला. त्याला एसीची खोली लागते, आणि जागा निघाली ती ढालींच्या भिंतीशीच. मी ढाली पोत्यात भरल्या. आबांना कसं सांगायचं, या विचारात होतो, तेवढ्यात ते दारात उभे. पोत्याकडं बघत म्हणाले, “कुठं ठेवायच्या तिथं ठेव. फक्त भट्टीच्या भंगारात जाऊ देऊ नकोस. पितळ आहे, रस नासवंल.”