बोरीकाठचा काश्मिरी नीलपंख

पावसाळा ओसरत आला की आमच्या अमळनेर-पारोळा पट्ट्यात तारांवर गर्दी वाढते. मूग-उडीद निघालेले असतात, रानं मोकळी होतात, नाकतोडे उघड्यावर येतात आणि त्यांना टिपायला खाटीक, कोतवाल, वेडे राघू, नीलपंख अकरा केव्हीच्या वीजलाइनीवर ठाण मांडून बसतात. मी या भागात वायरमन आहे. पोल, इन्सुलेटर, जंपर बघत दिवसभर मान वर करून फिरायचं हेच काम. पक्षी नजरेत भरणारच. पुढे दुर्बीण घेतली, मोबाइलवर ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं ॲप उतरवून घेतलं आणि जे दिसेल ते तारीख, वेळ, ठिकाणासह टाकू लागलो.

त्या दिवशी, सप्टेंबरच्या अखेरीस, पहाटेच ऑपरेटरचा फोन आला. रात्री विजा कडाडून पाऊस झाला होता आणि शेतीचा फीडर, म्हणजे शेतांना वीज देणारी लाइन, काही केल्या चालू राहत नव्हता. मी आणि मदतनीस पेट्रोलिंगला निघालो. काळ्या मातीत गाडी चालेना, म्हणून बांधावर लावली आणि चिखल तुडवत पोलामागून पोल बघत गेलो. बोरी नदीच्या अंगाला एका पोलावर पिन इन्सुलेटर तडकलेला दिसला, कडेला वीज पडल्याचा काळा डाग. सबस्टेशनला परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, मागितली. त्याच फीडरवर दुसरी टीम काम करत होती, त्यांचं आटोपल्याशिवाय परमिट मिळणार नव्हतं. थांबणं आलं.

शेताचे मालक नाना बांधावर आले. कपाशीवर फवारणी करायची होती, टाकी भरायला मोटर हवी होती. ‘‘आते लाइन येई का, भाऊ?’’ त्यांनी विचारलं. मी ‘येईल, नाना’ म्हणालो खरा, पण लक्ष शेजारच्या गाळ्याकडे, म्हणजे दोन पोलांमधल्या तारांकडे, गेलं होतं. तारेवर तीन नीलपंख होते, आणि त्यांतला एक वेगळा वाटत होता.

आपला नेहमीचा नीलपंख बसलेला असताना तसा मळकटच दिसतो. गळ्याला जांभळट-तपकिरी छटा, त्यावर पांढुरक्या रेघोट्या, छाती तांबूस. निळाई दिसते ती पंख उघडले की. हा तिसरा मात्र डोक्यापासून पोटापर्यंत सरसकट फिकट निळा होता. तपकिरी कुठे असेल तर ती पाठीवर, आणि तीही विटकरीकडे झुकणारी. दोन नेहमीचे शेजारी बसलेले, त्यामुळे फरक डोळ्यांसमोर ठेवल्यासारखा होता.

‘‘काय देखी ऱ्हायना?’’ नानांनी विचारलं. दुर्बीण त्यांच्या हातात दिली. ‘‘नीलकंठ शे तो. दसराले देखतस तोच,’’ ते म्हणाले. आमच्याकडे दसऱ्याला नीलकंठ दिसणं शुभ. म्हणून खेड्यात हा पक्षी माहीत नसलेला माणूस सापडायचा नाही. मी त्यांना म्हटलं, ‘‘नाना, तिघांच्या छात्या एकामागून एक बघा.’’ त्यांनी बराच वेळ बघितलं आणि दुर्बीण परत देताना एवढंच म्हणाले, ‘‘मधला न्यारा शे.’’

छातीवरून निकाल लागत नाही, हे मला माहीत होतं. काश्मिरी नीलपंख, म्हणजे युरोपीय नीलपंख, स्पेनपासून मध्य आशियापर्यंत आणि आपल्याकडे काश्मीरमध्ये वीण करतो आणि हिवाळा आफ्रिकेत काढतो. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जाता जाता तो राजस्थान, गुजरात आणि कधीकधी आपल्या भागातून जातो. पण त्याच्या पिल्लांची छाती मळकट आणि रेघांची असते, मग तो आपल्यासारखाच वाटतो. उलट उन्हाच्या झोतात आपल्याची छातीही फिकी दिसू शकते. खरी खूण पंखात. आपला नीलपंख उडाला की पंखात गडद निळा आणि झळझळीत फिरोजी असे पट्टे दिसतात. काश्मिरीची उड्डाणपिसं काळी, फिरोजी पट्टा नाहीच.

मोबाइलची लेन्स दुर्बिणीच्या भिंगाला टेकवून बसलेल्या पक्ष्याचे फोटो घेतले. हात हलतो, कडेला काळी गोल चौकट येते, पण छातीचा रंग कळण्याइतके ते बरे आले. वहीत वेळ, उजेडाची दिशा, पोलचा नंबर लिहिला. नुसतं गावाचं नाव देण्यापेक्षा पोलचा नंबर कधीही बरा; दुसरा माणूस डोळे मिटून त्याच जागी पोहोचतो. पक्षी उडेल याची वाट बघत असतानाच परमिट आलं.

काम आधी. डिस्चार्ज रॉड लावला, दोन्ही बाजूंनी अर्थिंग केलं, पट्टा बांधून वर चढलो. तडकलेला इन्सुलेटर काढून नवा बसवत होतो, तेवढ्यात तो पक्षी शेजारच्या तारेवरून सुटला आणि माझ्या पायांखालून तिरपा मोकळ्या रानात उतरला. वायरमनशिवाय कुणाच्या वाट्याला हे दृश्य येत असेल असं वाटत नाही. उडता पक्षी आपण खालून बघतो. मी तो वरून बघितला. विटकरी पाठ, पंखाच्या खांद्यावर निळा तुकडा, आणि तिथून टोकापर्यंत काळी पिसं. पट्टा नाही. नाकतोडा चोचीत धरून तो पुढच्या तारेवर गेला. तिथे त्याने नाकतोडा तारेवर आपटला, गिळला आणि पुन्हा मान तिरकी करून जमिनीकडे बघत बसला. माझे दोन्ही हात बाइंडिंगच्या तारेत अडकलेले होते, त्यामुळे त्या क्षणाचा फोटो नाही. खाली उतरल्यावर पहिल्यांदा तेवढंच वहीत लिहिलं: ‘वरून पाहिला, फोटो नाही.’

अर्थिंग काढलं, परमिट परत केलं, फीडर चालू झाला. नानांची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मी ई-बर्डवर यादी भरत होतो. हे नाव टाकलं की लगेच विचारणा होते, कारण त्या जिल्ह्यात त्या महिन्यात सहसा न दिसणारा पक्षी वेगळा काढला जातो आणि स्थानिक जाणकार तो तपासतो. आमच्याकडे हे काम एक शिक्षक करतात. संध्याकाळी सरांचा फोन आला.

‘‘नाव राहू द्या. गळा सांगा,’’ ते म्हणाले. मग छाती, पाठ, पंख वरून, पंख खालून. शेपटीच्या टोकाला गडद निळी पट्टी होती का? ती माझ्या नजरेत आली नव्हती, तसं सांगितलं. ‘‘बरं झालं तसंच सांगितलंत,’’ सर म्हणाले. ‘‘पुस्तकात बघून सांगितलं असतंत तर बाकीच्यावरही विश्वास बसला नसता.’’ आपल्या नीलपंखाच्या शेपटीला ती पट्टी असते, काश्मिरीला नसते. पाहुणा थांबला असेल तर सकाळी ती बघायची ठरली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सर कॅमेरा घेऊन आले. पक्षी त्याच गाळ्यात होता. तासाभरात उघड्या पंखांचा आणि शेपटीचा स्वच्छ फोटो मिळाला, पट्टी नव्हती. नोंद पक्की झाली.

नानांनी चहा पाठवला. लिंबाखाली बसून सरांनी रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. ती आपल्या खानदेशचीच, आणि नोंदीवर मेहनत का घ्यायची हे मला तेव्हा नीट कळलं. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते तेच ह्यूम. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर शंभरावर वर्षं हा पक्षी खात्रीने कुणाला दिसला नाही. मध्येच एक नमुना होता: गुजरातमधलं मांडवी, साल १९१४, गोळा करणारे रिचर्ड माइनर्टझहागेन. शोध घेणारे नमुन्याला लावलेल्या त्या चिठ्ठीवर विसंबले. पुढे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची शिवण आणि भरण तपासून दाखवलं, की तो डेव्हिडसनचाच पक्षी होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. खोटी नोंद बाजूला सारून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा जिवंत समोर बसलेला सापडला.

एका चिठ्ठीवरचं गाव आणि साल खोटं, आणि शोधणारे भलतीकडे. ऐकताना अंगावर काटा आला. माझ्या वहीतला पोल नंबर मी पुन्हा एकदा खात्री करून बघितला.

पुढचे काही दिवस जळगाव-धुळ्याकडून पक्षीमित्र येत राहिले. नानांची अट एकच: कपाशीत पाय ठेवायचा नाही, बांधावरून बघायचं. सगळ्यांनी ती पाळली. मग एका सकाळी तारेवर फक्त आपले दोघे होते.

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच नानांचा फोन. मला वाटलं, लाइन गेली. ‘‘भाऊ, आज नीलकंठ देखा,’’ ते म्हणाले. ‘‘विहीरजोगेना पोलवर. गळाले रेघोट्या व्हत्या, छाती तांबडी. उडना तवय पट्टाबी देखा. आपलाच शे.’’