कापड कुठे गेलं?

भरतकामाच्या मशीनवर लेसची चांदणी कशी होते, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाताळात वसईच्या आमच्या घरी येणारं कुणी ना कुणी झाडावरची पांढरी चांदणी हातात घेतं, उलटीसुलटी करून बघतं आणि विचारतं, "मशीनवर केलीस ना? मग कापड कुठे गेलं?" कापड नव्हतंच. एक कागद होता, तो पाण्यात विरघळला. एवढ्यावर निम्म्यांचं समाधान होतं. उरलेले पुढचा, खरा प्रश्न विचारतात: मग टाके सुटून का येत नाहीत?

मशीनचा टाका म्हणजे वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकणं. ही अडक कापडाच्या जाडीत लपते आणि कापडाच्या आधारानेच जागेवर राहते. आधार काढून घेतला की सरळ धावत्या टाक्यांची ओळ म्हणजे नुसता सैल दोरा. म्हणूनच ब्लाउजच्या बाहीवरचं फुलाचं डिझाइन उचलून या कागदावर भरलं, तर धुतल्यावर हातात फूल येत नाही, गुंता येतो. 'नेटवर फुकट मिळालेलं डिझाइन आहे, त्याची लेस करून दे' म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते, ते यासाठी.

लेसचं डिझाइन मुळातच वेगळं पंच केलेलं असतं, म्हणजे मशीनसाठी एकेक टाका वेगळ्या पद्धतीने आखलेला असतो. आधी बारीक टाक्यांची आडवी-उभी जाळी. तिच्या दोऱ्यांवरून नागमोडी टाके जातात आणि दोऱ्याला दोराच बांधतात. मग त्या जाळीवर पाकळ्या, किरणं, कडा. सुंभाची बाज पाहिली असेल तर कल्पना येईल, तिथेही सुंभाला सुंभच धरतो. प्रत्येक पाकळीचं टोक शेजारच्या भागावर थोडं चढलेलं हवं. नुसतं टेकलेलं असेल तर कागद गेल्यावर तिथे फट पडते. तयार चांदणीत जाळी फारशी दिसत नाही, पण लेस टिकते ती तिच्यामुळेच. म्हणून 'मशीनच तर करतं सगळं' हे मला अर्धंच पटतं. मशीन टाके घालतं. कुठला टाका कुठल्या टाक्याला धरणार, हे आधी कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. (ते मी ठरवत नाही. डिझाइन विकत घेते.)

ही युक्ती आजची नाही. स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने १८६३ मध्ये शिफ्ली नावाचं भरतकामाचं मशीन शोधलं. त्यात सुईचा अखंड दोरा आणि मागे धोटा असतो, म्हणजे आपल्या शिलाई मशीनसारखाच टाका. पुढे १८८०च्या दशकात स्वित्झर्लंडमधलं सेंट गॅलन आणि जर्मनीतल्या सॅक्सनीमधलं प्लाउएन इथल्या लोकांनी रेशमी कापडावर सुती दोऱ्याने भरतकाम करून ते कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवायला सुरुवात केली. कॉस्टिक रेशीम खातं, सुताला धक्का लावत नाही. रेशीम गेलं, लेस उरली. बोटांनी महिनोन्महिने विणायची वस्तू मशीनवर निघायला लागली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात प्लाउएनच्या लेसला ग्रां प्री हे मोठं बक्षीस मिळालं. तिथे आजही नाताळासाठी झाडावरच्या आणि खिडकीतल्या लेसच्या चांदण्या करतात. आणि ही जात आपल्यालाही परकी नाही. सुरतेहून येणारी, ब्लाउजला आणि साडीच्या काठाला लावतात ती जीपीओ लेस हीच.

घरी कॉस्टिक नको. माझा कागद पीव्हीएचा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या एका प्लास्टिकचा असतो, आणि तो साध्या पाण्यात जातो. पण दुकानात दोन प्रकार मिळतात, तिथे चुकू नका. प्लास्टिकसारखा पारदर्शक, पातळ असतो तो टॉवेलवर भरताना टाके रुतू नयेत म्हणून वरून टाकायचा. लेसच्या दाट टाक्यांनी त्याला भोकं पडून तो कडेने फाटतो आणि डिझाइन सरकतं. कापडासारखा, तंतू दिसणारा घ्या, आणि दोन थर हूपमध्ये, म्हणजे मशीनच्या भरतकामाच्या चौकटीत, ताणून बसवा. चार इंचांच्या हूपमधल्या चांदणीतही दहा-बारा हजार टाके सहज असतात. मिनिटाला ६०० टाक्यांच्या वर वेग नेऊ नका. सुई ७५/११ नंबरची, नवी.

बॉबिनमध्येही वरचाच दोरा भरा. एरवी आपण तिथे पातळ पांढरा दोरा घालतो, कारण मागची बाजू कुणी बघत नाही. झाडावरची चांदणी मात्र वाऱ्याने गिरक्या घेते, तिला मागची बाजू नसतेच. जरीची हवी असेल तर जरीचा दोरा फक्त वर लावा, ९०/१४ ची मोठ्या नाकाची सुई घ्या, वेग आणखी कमी करा आणि बॉबिनमध्ये सोनेरी पॉलिएस्टर घाला. तरी जरीचा दोरा तुटणारच. मला स्वतःला पांढरीच आवडते. सुरूच्या काळपट हिरव्या फांदीवर ती उठून दिसते, जरीची दिव्यांच्या माळेत हरवते.

धुणं हा सगळ्यात नाजूक भाग. जास्तीचा कागद कडेने कापून चांदणी कोमट पाण्यात सोडायची. कागद गेला तरी बोटांना बुळबुळीत लागत राहतं, आणि ते सगळं काढून टाकायचा मोह होतो. काढू नका. तो उरलेला पीव्हीएच खळीचं काम करतो. स्वच्छ धुतलेली चांदणी फांदीवर ओल्या फडक्यासारखी लोंबते. हाताला किंचित चिकट लागते तिथेच थांबायचं, थर्मोकोलवर प्लास्टिक अंथरून टाचण्यांनी टोकं ताणायची आणि सावलीत वाळवायची. वर्तमानपत्रावर ठेवलीत तर बातम्यांसकट चिकटेल. इस्त्री करायचीच झाली तर दोन सुती फडक्यांच्या मधे, कोरडी. वाफ लागली की खळ पुन्हा ओली होते.

आमच्याकडच्या पावसाळ्यात ट्रंकेतल्या चांदण्या दमट हवा पिऊन नरम पडतात, मग डिसेंबरात लोक म्हणतात, लेस बिघडली. बिघडत नाही. कापलेल्या कागदाची कात्रणं टाकून देऊ नका, बरणीत साठवा. नाताळाआधी थोड्या कोमट पाण्यात ती विरघळवा, ब्रशने चांदणीच्या दोन्ही बाजूंना लावा आणि परत टाचण्या लावून वाळवा.