कोल्हापूर ते हैदराबाद: हवेतला तास आणि बाकीचे चार

कोल्हापूर आणि हैदराबाद, या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण ४४५ किलोमीटर. मिरज-सोलापूर करत रस्त्यानं गेलं की तेच साडेपाचशेच्या घरात जातं, आणि रात्रभराची बस अंग पार आंबवून सोडते. म्हणून या खेपेला विमान.

"किती लागतंय ओ हैदराबादला?" उजळाईवाडीच्या विमानतळाकडं निघालेल्या रिक्षावाल्या मामांनी विचारलं. सव्वा तास म्हटल्यावर हसले. "एवढ्यात माझी रिक्षा गगनबावड्याला बी पोचत न्हाय!"

हा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. नवं टर्मिनल मात्र २०२४ चं, कमानींमुळे वाड्यासारखं दिसणारं.

विमान एटीआर ७२, म्हणजे पंख्याचं. शेपटीकडच्या दारातून चढायचं. याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे हिशेबानं ५३-५४ मिनिटांत पोचायला हवं. पण तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढतानाचा कमी वेग, हैदराबादजवळ उतरणाऱ्यांच्या रांगेतला वळसा, सगळं त्यातच. जेट असतं तरी एवढ्याशा पल्ल्यात फार काही वाचलं नसतं. उंची गाठतोय तोवर उतरायची वेळ. पंख्याच्या विमानाला नाकं मुरडणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं. शिवाय याचे पंख खिडकीच्या वर, त्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं.

नकाशावर पट्टी ठेवून दोन्ही विमानतळ जोडले, तर रेघ नृसिंहवाडी आणि विजापूर यांना जवळजवळ चाटून जाते. विमान अगदी त्याच रेघेवरून जाईल असं नाही, पण आमचं तरी फार लांबून गेलं नाही. कृष्णा-पंचगंगेचा संगम गढूळ, आजूबाजूला उसाचा हिरवा गालिचा. मग ऊस विरळ होत गेला आणि काळ्या रानाचे चौकोन लागले. विजापूर आलंसं वाटलं तेव्हा शेजारच्या काकूंनी काचेवर बोट टेकवलं, "त्यो बघा, गोलघुमट." मला ती पाण्याची टाकी वाटली. काकूंपुढं बोलतोय कोण!

शमशाबादला उतरलो तरी शहर वीसेक किलोमीटर लांब. 'पुष्पक' बस मिळाली. महाद्वार रोडवरच्या घराला कुलूप लावल्यापासून मेहदीपट्टणमच्या पाहुण्यांच्या दारापर्यंत पाच तास गेले. त्यातला हवेतला जेमतेम एक. बाकी रिक्षा, तपासणी, वाट बघणं आणि सामानाचा पट्टा.

या पट्ट्यावर माझी तरी बरीच मिनिटं गुळापायी गेली. एटीआरचे डोक्यावरचे कप्पे एवढेसे, त्यात १० किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, कुठला मावतोय? तो खालच्या सामानातच द्यावा लागतो. पाहुण्यांना पाव किलोच्या वड्या चालणार असतील तर त्याच न्या. आणि तिकीट काढण्याआधी आपल्या वारी विमान आहे ना, तेवढं बघून घ्या. वेळापत्रक बदलत असतं.