माचू पिचूला जायचं, तर आधी खाली उतरा

पेरू देशातल्या कुस्को शहरात, हॉटेलात बॅग उघडली तेव्हा पहिलं लक्ष गेलं ते भडंगाच्या पुड्याकडे. कोल्हापुरातून निघताना चपटा होता, तिथं फुग्यासारखा टम्म झाला होता. सौ.नी बोटानं दाबून बघितला. "अहो, फुटतोय की हा!" आतली हवा आपल्याकडची, बाहेरची ३४०० मीटरवरची. इथली हवा किती विरळ आहे ते त्या पुड्यानं आम्हाला पहिल्या तासातच दाखवलं होतं. आम्ही तो बाजूला ठेवला आणि फिरायला बाहेर पडलो. माचू पिचू, म्हणजे इंका लोकांनी डोंगरावर वसवलेली जुनी नगरी, बघायला जाताना ती चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. वय ५७. बरीच वर्षं दर रविवारी पायथ्याच्या बुधवार पेठेतून पन्हाळा चढतोय, सौ. सोबत असतात. त्यामुळं आपली तयारी झालेलीच आहे, अशी माझी पक्की समजूत होती. पण पन्हाळा हजार मीटरच्या आतला. आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटर. कुस्को शहर त्याच्या दुप्पट उंचीवर आहे. पायात ताकद असणं वेगळं आणि कमी ऑक्सिजनची अंगाला सवय होणं वेगळं. दम चांगला असलेल्या तरण्या पोरालाही उंची बाधते.

कागदपत्रांचं आधी सांगतो. लेक अमेरिकेत असते, म्हणून आमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असेल, तर पेरूत पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीच्या पेरू दूतावासाकडून काढावा लागतो. दुसरं म्हणजे पीतज्वराची (यलो फीवरची) लस. माचू पिचूच्या उंचीवर तो पसरवणाऱ्या डासांची भीती नाही, पण पेरू देश आपल्या सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विलगीकरणात ठेवतात. आम्ही पुण्याला जाऊन ती घेतली. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

तिकिटाचं मात्र नीट लक्ष देऊन वाचा. माचू पिचूला गेटवर जाऊन सहज आत शिरता येत नाही. तिकिटावर तारीख, आत जायची वेळ आणि मार्ग ठरलेला असतो. मुख्य मार्ग तीन. पहिला वरच्या अंगानं जातो, सगळीकडे दिसणारा तो फोटो मिळतो, पण वस्तीत उतरता येत नाही. तिसरा खालच्या भागातला. दुसऱ्यात वरून दर्शनही होतं आणि वस्तीतूनही चालता येतं, म्हणून तोच सगळ्यात आधी संपतो. आम्ही जूनसाठी फेब्रुवारीतच काढला. मे ते सप्टेंबर तिकडं कोरडा हंगाम, त्यामुळं गर्दीही तेव्हाच. तिकीट काढायचं ते पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत वेबसाइटवरून किंवा खात्रीच्या माणसाकडून.

आमचं सगळं बुकिंग एका टूरवाल्यांनी केलं आणि त्यात सौ.च्या जुन्या पासपोर्टचा नंबर घातला. नवा पासपोर्ट वर्षापूर्वीच झाला होता. मला ते पेरूच्या राजधानीत, लिमाच्या विमानतळावर कळलं आणि पोटात गोळाच आला, कारण रेल्वेत, बसला आणि गेटवर मूळ पासपोर्ट तिकिटाशी ताडून बघतात. नशीब एवढंच की अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात होता, म्हणून कोपरा कापलेला तो पासपोर्टही नव्याला जोडून बरोबर घेतला होता. गेटवरच्या बाईंनी दोन्ही उघडले, फोटो बघितले आणि सोडलं. तुम्ही मात्र तिकीट हातात आल्या आल्या नंबर एकेक आकडा वाचून जुळवा. नावही पासपोर्टवर आहे तसंच, मधल्या नावासकट.

आता तो पहिला दिवस. लिमा समुद्राकाठी, तिथून कुस्को विमानानं साधारण सव्वा तास. म्हणजे सव्वा तासात आपण शून्यावरून ३४०० मीटरवर. आमच्या कार्यक्रमात त्याच दुपारी शहर दर्शन आणि साक्सायवामान, म्हणजे इंकांचं गडासारखं दगडी बांधकाम, लिहिलेलं. ते तर आणखी वर, ३७०० मीटरच्या आसपास. शंभर टनांच्या वरचे दगड तिथं भिंतीत बसवलेत. आमच्या शॉपमधली क्रेन पाच टनांची. मी भान हरपून बघत पुढं गेलो, मागं वळलो तर सौ. एका पायरीवर डोकं धरून बसलेल्या. ओठ निळसर. डोक्यात घण घालतोय कोणी, म्हणाल्या. रात्री उलट्या, झोप नाही. कोरोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर बरोबर होतं, त्यात ८१ दिसलं. माझं ८७ होतं.

फरक औषधाचा असावा. कोल्हापूरच्या आमच्या डॉक्टरांनी मला असिटाझोलामाइड दिलं होतं, आदल्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी. त्यानं बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं, पण अंगाला उंचीशी जुळवून घ्यायला मदत होते. सौ.ना सल्फाची ॲलर्जी, म्हणून त्यांना दिलं नव्हतं. त्याच वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, "वहिनींना त्रास झाला तर औषध शोधत बसू नका, खाली उतरवा." चालताना झोक जायला लागला, बसल्या जागी दम लागला, खोकल्यातून फेस आला किंवा बोलणं भरकटलं, तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही, ऑक्सिजन लावून लगेच खाली न्यायचं. सौ.चं तिथवर गेलं नव्हतं. हॉटेलवाल्या मुलानं ऑक्सिजनचं नळकांडं आणून लावलं, शेजारी बसून राहिला. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, पण त्याचे उपकार विसरणार नाही.

सकाळी टूरवाल्यांना फोन करून पुढचा कार्यक्रम मोडला आणि टॅक्सी करून उरुबांबाला गेलो. हे गाव उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, त्याला पवित्र खोरं म्हणतात, २८७० मीटरवर. रस्ता आधी थोडा चढतो आणि मग खाली उतरतो. दुपारी सौ.नी स्वतःहून जेवण मागितलं! फरक पाचशे मीटरचाच, पण मी तो डोळ्यांनी बघितला. म्हणून सांगतो, कुस्कोला उतरलात की शहरात मुक्काम करू नका. विमानतळावरूनच खोऱ्यात जा, दोन रात्री तिथं काढा, माचू पिचू बघा आणि कुस्को शेवटाला ठेवा. माचू पिचू स्वतः २४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली. मलाही आधी हे उलटंच वाटायचं.

तिथं सगळीकडे कोकाच्या पानांचा चहा देतात. डोकं थोडं हलकं होतं, पण तो काही उपचार नव्हे. आणि त्याच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका, आपल्याकडे कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं. खाण्याचं म्हणाल तर सौ. माळकरी. नुसतं "मांस नको" म्हटलं की कोंबडी येते. लेकीनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो". मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. ती चिठ्ठी दाखवली की बटाटे, मका, किनोआचं सूप हमखास मिळायचं.

खोऱ्यातल्या ओयांतायतांबो गावाहून माचू पिचूच्या पायथ्यापर्यंत रेल्वे, साधारण पावणेदोन तास, शेजारून उरुबांबा नदी. पायथ्याच्या गावापर्यंत मोटाररस्ता नाही. गाडीत छोटी बॅगच चालते, मोठ्या बॅगा हॉटेलात ठेवायच्या. पायथ्यापासून वर वळणावळणाची बस, तिचं तिकीट वेगळं. आत स्वच्छतागृह नाही आणि बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत, तेव्हा गेटबाहेरच उरकून घ्या. गोळी घेणाऱ्यानं तर नक्कीच. बारीक माश्या फार चावतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

सकाळी सातची आमची वेळ. धुकं होतं, साडेसातला ते एकदम वर उचललं गेलं. त्या क्षणाबद्दल मला काही लिहिता येणार नाही. भिंतीबद्दल मात्र लिहितो, कारण ते माझं काम आहे. लोखंडाचे दोन फेस, म्हणजे पृष्ठभाग, जुळवायचे तर आम्ही एकाला निळा रंग लावतो, दुसरा त्यावर टेकवतो, डाग पडला तिथं घासतो, परत लावतो. दिवस जातो, आणि ते लोखंड असतं, सपाट असतं. इथं सूर्यमंदिराची भिंत गोलाईत वळलेली, ग्रॅनाइटची. प्रत्येक दगडाचा सांधा त्या गोलाईबरोबर फिरतो. चुना नाही, माती नाही. मी दोरीच्या अलीकडून डोळे बारीक करून बघत राहिलो, फट मोजायच्या फीलर गेजचं सगळ्यात पातळ पातंही कुठं शिरलं नसतं. इंकांकडे लोखंड नव्हतं, पंधराव्या शतकात दगडानंच दगड घडवला. दारं-खिडक्या खाली रुंद, वर निमुळत्या, भिंतीही आत कललेल्या. भूकंपाच्या मुलखात तो टेपरच त्यांना धरून ठेवतो. सगळीच बांधकामं अशी नाहीत, साध्या घरांत मातीचा सांधा आहे. उत्तम हात त्यांनी देवाच्या जागेसाठी राखला होता. खिद्रापूरला कोपेश्वराच्या खांबांवरून हात फिरवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

उतारावरच्या पायऱ्यांच्या शेतांकडेही बघा. वर माती, खाली वाळू-खडी, त्याखाली मोठे दगड, म्हणजे पाणी मुरतं, साचत नाही. २०२१च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता खचला तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी जाऊन आलो होतो. डोंगरात अडकलेलं पाणी काय करतं ते बघितलेलं. इथं पाचशे वर्षं पाऊस त्या पायऱ्यांतून झिरपून जातोय. १९११ साली अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम इथं पोचला तेव्हा काही शेतकरी कुटुंबं त्याच पायऱ्यांवर पिकं घेत होती.

शेवटचे दोन दिवस कुस्कोत. आता डोकं दुखत नव्हतं. सौ. म्हणाल्या, "मला तिथं परत जायचंय." टॅक्सीनं साक्सायवामानला गेलो. पहिल्या दिवशी ज्या पायरीवर त्या बसल्या होत्या ती त्यांनीच शोधली, तिच्यावरून सावकाश चढल्या आणि वर पोचेपर्यंत एकदाही थांबल्या नाहीत. संध्याकाळी मुक्कामावर येऊन तो टम्म पुडा फोडला. वरच्या मजल्यावरचा ऑक्सिजनवाला मुलगा आवाजानं धावत आला. त्याच्या ओंजळीत भडंग घातलं, मिरची बाजूला काढून.